वास गेला, टीबीए राहिलं: जांभ्यातल्या एका विहिरीचं प्रकरण

वैशाखातल्या एका पहाटे घाटाच्या शेवटच्या वळणावर टँकर कलंडला. ड्रायव्हर-क्लीनर खरचटण्यावर वाचले. आतला माल रस्त्याकडेच्या चरात आणि चरातून जांभ्याच्या उतारावर गेला. आग लागू नये म्हणून अग्निशमनवाल्यांनी पाण्याचा मारा केला, आणि त्या घटकेला तेच बरोबर होतं. दुपारी क्रेन आली, रस्ता मोकळा झाला. पेपरात चार ओळी आल्या. मालाबद्दल त्यात 'रसायन' एवढा एकच शब्द.

अकराव्या दिवशी उताराखालच्या वाडीतले आबा थंड पेयाच्या बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन माझ्याकडे आले. मी एका औषध कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया विभागात प्रयोगशाळा सांभाळते. आबांची सून आमच्याकडे पॅकिंगला आहे, ओळख तेवढीच. "ताई, रंगवाल्याच्या दुकानात शिरल्यासारखा वास येतो ह्याला. चहा टाकला तर चहालापण येतो."

झाकण उघडलं आणि मला नावच आठवलं, पण वासावरून बोलायचं नाही ही आमच्या धंद्यातली शिस्त. टँकर नेमका कशाचा होता, हे वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी आबांच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो निघाला. टँकर आडवा, समोर चार पोरं, मागे धोक्याची पाटी. रसायनाचं नाव चिखलाने माखलेलं, पण आकडा स्पष्ट: 2398. असल्या प्रत्येक ज्वालाग्राही मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला एक क्रमांक असतो. 2398 म्हणजे मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर, एमटीबीई. आमच्या स्टोअरमध्ये त्याचे ड्रम येतात, त्यामुळे आकडा तोंडपाठ होता.

हे ईथर खरं तर पेट्रोलमधलं. शिसं काढल्यावर ऑक्टेन कशाने वाढवायचा, या प्रश्नाला अमेरिकेने 1979 पासून दिलेलं उत्तर. 1990 च्या हवाशुद्धी कायद्यातल्या दुरुस्त्यांनंतर तर ते तिथे टक्क्यांत मिसळलं जाऊ लागलं. मग पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या गळल्या आणि 1996 मध्ये सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. कॅलिफोर्नियाने 2004 पासून ते पेट्रोलमधून हद्दपार केलं. आपल्याकडे इंधनात आता इथेनॉलचा बोलबाला आहे, पण औषध कारखान्यांत अर्क काढायला एमटीबीई हवंच असतं. त्यामुळे ते कोकणच्या घाटांतून टँकरने फिरतं.

पहिल्या दिवशी जिवाणूंचा विचार करायला सवड नव्हती. एमटीबीईची वाफ हवेहून जड असते, विहिरीत साचून राहते, आणि त्याचा ज्वलनांक शून्याखाली अठ्ठावीस अंश आहे, म्हणजे तेवढ्या थंडीतही ठिणगी मिळाली की वाफ पेटते. विहिरीवर पत्र्याचं झाकण आणि आत पाण्यात सोडलेली मोटर. मी मोटरीचा फ्यूज काढायला लावला, पत्रा बाजूला केला, आत कुणी उतरायचं नाही म्हणून बजावलं. आबांनी कानावरची विडी काढून खिशात टाकली. पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं घ्यायचं, आगराला चार दिवस पाणी नाही. काकी पोफळींकडे बघत राहिल्या. वैशाखात चार दिवस म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं.

वास एवढ्या लांब आलाच कसा? पेट्रोल सांडलं तर त्यातलं बेंझीन लिटरभर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतं. एमटीबीई चाळीस ग्रॅमहून जास्त विरघळतं आणि मातीला चिकटत नाही. जांभा तर नुसता भोकांचा, चिरा कापताना आत बोट जाईल अशा नळ्या दिसतात. वरून बंबाचं पाणी बसलं आणि माल त्या पाण्यात मिसळून नळ्यांतून खाली गेला. कुणाची चूक नाही, पण गणित तसंच आहे. नाकाला आणि जिभेला एमटीबीई फार थोड्यात कळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1997 मध्ये वास-चवीसाठी सुचवलेली पातळी लिटरला 20 ते 40 मायक्रोग्रॅम आहे. कॅलिफोर्नियाने आरोग्यासाठी 13 आणि चवीसाठी 5 ठरवली. चहाला वास लागला, यात आबांचं नाक विशेष तीक्ष्ण होतं असं नाही.

आठवडाभरात एक गृहस्थ वाडीत आले. 'पेट्रोल खाणाऱ्या जिवाणूंची' भुकटी, पाच किलोची पिशवी, विहिरीत टाका आणि विसरा. माहितीपत्रकावर एका ग्रॅममध्ये किती कोटी जिवाणू ते मोठ्या अक्षरात. मी विचारलं, "हे टीबीएवर वाढतात का?" त्यांनी मला टीबीए म्हणजे काय ते विचारलं. वाडीतल्या लोकांना माझा हा प्रश्न आडमुठा वाटला. पिशवी टाकायला काय जातंय, असा एकूण सूर होता. या प्रकरणाची गोम त्या प्रश्नातच आहे, म्हणून तो सविस्तर सांगते.

एमटीबीईच्या रेणूत एका बाजूला तीन मिथाइल गटांनी वेढलेला कार्बन असतो. वेढलेल्या त्या कार्बनवर एकही हायड्रोजन नाही, म्हणजे जिवाणूच्या विकराला (एन्झाइमला) धरायला कान नाही. जिवाणू म्हणून दुसऱ्या बाजूने शिरतो. ऑक्सिजन वापरणारं एक विकर ईथरच्या एकट्या मिथाइलवर घाव घालतं, तो तुकडा फॉर्माल्डिहाइड होऊन सुटतो, आणि मागे राहतं टर्शरी ब्यूटाइल अल्कोहोल, म्हणजेच टीबीए. इथे अर्धं काम झालं. तो तीन मिथाइलांचा गड्डा जसाच्या तसा आहे. शिवाय टीबीए पाण्यात कितीही मिसळतं, उडून जात नाही, आणि त्याचा वास एमटीबीईइतका जाणवत नाही.

उरलेल्या अर्ध्यासाठी वेगळी जनुकं लागतात. आधी टीबीएच्या एका मिथाइलवर ऑक्सिजन बसवायचा, मग त्याचं हळूहळू हायड्रॉक्सिआयसोब्यूटिरिक आम्ल करायचं. मग येते खरी कसरत: फांदी फुटलेली कार्बनची साखळी उचकटून सरळ करायची. हे काम करणारं विकर 2006 मध्ये जर्मनीतल्या रोवेर्डर आणि सहकाऱ्यांनी एल 108 या जिवाणूत दाखवलं, आणि ते बी 12 जीवनसत्त्वाशिवाय चालत नाही. बी 12 च्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. साखळी सरळ झाली की जे तयार होतं ते जिवाणूच्या रोजच्या जेवणातलं, पुढे काही अडत नाही.

ही जनुकं राहतात कुठे, हेही बघण्यासारखं आहे. या विषयातला सगळ्यात अभ्यासलेला जिवाणू मिथिलिबियम पेट्रोलिफिलम पीएम 1. तो लॉस एंजेलिसच्या एका सांडपाणी केंद्रातल्या कंपोस्टच्या गाळणीत सापडला, 1999 मध्ये त्याची माहिती छापून आली आणि 2007 मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच. मुख्य गुणसूत्र डीएनएच्या सुमारे चाळीस लाख अक्षरांचं, आणि सोबत सुमारे सहा लाख अक्षरांचा एक वेगळा वर्तुळाकार तुकडा, महाप्लाझ्मिड. एमटीबीई फोडायची जनुकं या तुकड्यावर. पीएम 1 सारख्या आणखी दोन जिवाणूंशी ताडून पाहिलं तर प्लाझ्मिड जवळपास तंतोतंत जुळलं, मुख्य गुणसूत्रं मात्र बरीच वेगळी निघाली. गावात कुणाकडे तरी नारळ सोलायचं एकच बरं यंत्र असतं आणि ते चार घरांत फिरतं, तसला हा मामला. शिवाय सुरुवातीचं विकर सगळ्यांचं एक नाही. पीएम 1 मध्ये ते 'एमडीपी-ए', अल्केन फोडणाऱ्या कुळातलं. एल 108 मध्ये आणि ऱ्होडोकॉकस रुबर या आणखी एका जिवाणूत 'ईथ-बी', सायटोक्रोम पी 450 च्या घराण्यातलं. टीबीएवरचं 'एमडीपी-जे' मात्र पीएम 1 आणि एल 108 दोघांत जवळजवळ तेच. पुढचं दार वेगवेगळं, माजघर एकच.

आता विहिरीकडे वळते. माझा आग्रह होता की बाहेरून काही टाकण्याआधी नुसता ऑक्सिजन द्यावा, कारण पहिला घाव आणि टीबीएवरचा घाव, दोन्ही ऑक्सिजनशिवाय होत नाहीत. जुन्या विहिरीच्या तळाशी पालापाचोळ्याचा गाळ असतो, तिथला ऑक्सिजन आधीच फस्त झालेला. कारखान्यातला एक भंगारात निघालेला ब्लोअर दुरुस्त करून घेतला. विहिरीपासून लांब, आबांच्या पडवीत ठेवला. नळी आणि तोंडाला रबराच्या पडद्याचा डिफ्यूझर, विहिरीत तेवढंच. वीज गेली की बुडबुडे बंद, आणि वीज किती वेळा जाते ते कोकणात कुणाला सांगायला नको.

सोबत माझ्या टेबलावर बाटल्या लावल्या. रबरी बुचाच्या काचेच्या बाटल्या, आत फक्त क्षारांचं पाणी आणि अन्न म्हणून एमटीबीईचे काही मायक्रोलिटर. काहींत विहिरीच्या तळचा गाळ, काहींत आमच्या वायुवीजन टाकीतला गाळ, आणि दोन बाटल्यांत तोच गाळ ऑटोक्लेव्हमध्ये मारून. आमच्या टाकीतला जिवाणू वर्षानुवर्षं एमटीबीई चाखत आलाय, त्यामुळे माझी भिस्त त्याच्यावर होती. तशी परंपराही आहे: एमटीबीई खाऊन वाढणारा पहिला गाजलेला मिश्र समूह सॅलानिट्रो यांच्या गटाने 1994 मध्ये जाहीर केला, तोही एका रसायन कारखान्याच्या सांडपाणी टाकीतल्या गाळातलाच होता.

तिसऱ्या आठवड्यात टाकीच्या गाळाच्या बाटल्यांत एमटीबीई उतरायला लागलं. मारलेल्या बाटल्यांत जागचं हललं नाही. मी खूश. पण क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे प्रत्येक रसायन वेगळं करून त्याचं शिखर काढणाऱ्या यंत्रावर, दुसरं शिखर वाढत होतं, टीबीएचं. पाचवा आठवडा, सहावा आठवडा, एमटीबीई संपत आलं आणि टीबीए तसंच ढिम्म. म्हटलं, माजघरच नाही या जिवाणूत. जवळजवळ तसं लिहूनही टाकलं होतं.

चूक माझीच होती. क्षारांच्या पाण्यात सूक्ष्म धातूंचं द्रावण घालतात, ते आमच्या प्रशिक्षणार्थी मुलीने बनवलं होतं. तिच्या वहीत कोबाल्ट क्लोराइडसमोर बारीक अक्षरात 'बाटली रिकामी' असं लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही. वाचलंच नव्हतं मी. घाईत मेडिकलमधून बी 12 चं लाल इंजेक्शन आणलं आणि दोन बाटल्यांत थेंब थेंब सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या गढूळ! हर्ष तासभर टिकला. अँप्यूलवरची बारीक अक्षरं वाचली तर आत बेंझाइल अल्कोहोल आणि आणखी एक जीवनसत्त्व. जिवाणूंना मी आयतं जेवण वाढलं होतं, टीबीएला त्यांनी हातही लावला नव्हता. त्या बाटल्या टाकून दिल्या. शेजारच्या कारखान्यातून चिमूटभर कोबाल्ट क्लोराइड मागून आणलं, गुलाबी खडे, आणि उरलेल्या बाटल्यांत अगदी नगण्य प्रमाणात घातलं. आठ-दहा दिवसांनी टीबीएचं शिखर खचायला लागलं.

यातून एक गोष्ट पक्की कळली. जनुक असणं आणि ते काम करणं यांच्यामध्ये एका धातूच्या अणूइतकं अंतर असू शकतं. पुण्यातल्या एका मैत्रिणीने बाटल्यांतल्या गाळाचा डीएनए काढून पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुक आहे का ते शोधायची चाचणी, केलं. टाकीच्या गाळात 'ईथ-बी'ची पट्टी ठळक, 'एमडीपी-जे'ची फिकट, 'एमडीपी-ए' नाही. विहिरीच्या गाळात काहीच नाही. ती म्हणाली, "बाई, ह्या लाल मातीचं मला काही सांगू नकोस. लोह आणि ह्युमिक आम्लं एवढी की चाचणीतलं विकर आधीच मरतं." दहापट पातळ करून आणि अल्ब्युमिन घालून पुन्हा केलं, तेव्हा 'एमडीपी-जे'ची अंधुक रेघ आली. पहिलं कोरं उत्तर खरं मानलं असतं तर विहिरीत जिवाणूच नाहीत असा निष्कर्ष निघाला असता, आणि भुकटीवाल्याची पिशवी विकली गेली असती.

दुसरा फटका साठवणीत बसला. चांगला वाढणारा जिवाणू जपायला म्हणून मी सवयीप्रमाणे तो न्यूट्रियंट अगारच्या, म्हणजे जिवाणूंच्या तयार पौष्टिक अन्नाच्या, उतारांवर चार-पाच वेळा फिरवला. वाढ झकास, रंग झकास. परत एमटीबीईच्या बाटलीत टाकला तर शून्य. आयतं मिळालं की कोण राबतंय? याचं कारण ऱ्होडोकॉकस रुबरच्या एका वाणात 2001 मध्येच उलगडलेलं आहे. तिथे ईथ जनुकांच्या दोन्ही बाजूंना 5.6 हजार अक्षरांचा एकच एक उडता तुकडा, ट्रान्सपोझॉन, बसलेला असतो. दोन सारखे तुकडे एकमेकांशी जुळले की मधला भाग गळून जातो, एका झटक्यात 14.3 हजार अक्षरं गायब. एमटीबीईवरच जगायचं असेतो असा जनुकं गमावलेला जिवाणू उपाशी मरतो, म्हणून समूहात दिसत नाही. गोडधोड मिळालं की तोच पुढे निघतो. आमच्या वाणात हेच झालं का, हे मी तपासलेलं नाही. लक्षणं तशी होती. तेव्हापासून मूळ बाटली अगारवर जात नाही. दर सोमवारी तिला सुईने एमटीबीई देते, दुसरं काही नाही.

टाकीतला गाळ विहिरीत टाकावा, असं आता वाडीतलेच काही जण म्हणू लागले. मी ठाम नकार दिला. त्या गाळात कारखान्याचं आणखी काय काय असतं, शिवाय संडासांच्या लाइनही त्याच टाकीत येतात. ज्या विहिरीचं पाणी उद्या प्यायचं, तिच्यात ते नाही. हा निर्णय सगळ्यांना पटला असं मात्र नाही, कारण नुसता ऑक्सिजन हे सावकाश काम. कॅलिफोर्नियात पोर्ट ह्युनेमीच्या नाविक तळावर हीच तुलना झाली होती. जिवाणू सोडलेल्या पट्ट्यात एमटीबीई लवकर घटलं, नुसत्या ऑक्सिजनच्या पट्ट्यात तिथल्याच जिवाणूंनी हालचाल करायला कित्येक महिने घेतले. आबांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "आंब्याला सात वर्षं लावतो आम्ही. महिन्यांचं काय."

आषाढात पाऊस कोसळला आणि विहिरीला तोंडाशी पाणी आलं. वास गेला. गावात बातमी पसरली की ताईंच्या जिवाणूंनी विहीर साफ केली. बाहेरच्या प्रयोगशाळेकडून अहवाल आला, त्यातही एमटीबीई 'आढळ मर्यादेखाली'. सरपंचांनी पेढे आणले. मी अहवाल उलटापालटा केला, टीबीएचा रकानाच नव्हता. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही मागितलंच नव्हतं." खरं होतं, मागणीपत्र ग्रामपंचायतीने भरलं होतं.

तेच पाणी आमच्या यंत्रावर लावलं. टीबीए होतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पावसाळ्यात कोणतीही पातळी उतरते, त्यावरून जिवाणूंना श्रेय देता येत नाही. म्हणून मी नुसते आकडे न बघता दोघांचं गुणोत्तर बघत होते. पावसाने पातळ झालं तर दोन्ही सारखंच पातळ होईल. टीबीएचा वाटा वाढत गेला, तर एमटीबीई निदान वेगळ्या वाटेने जातंय. इथेही एक मेख होती: बुडबुड्यांबरोबर एमटीबीई उडतं, टीबीए राहतं, मग जिवाणूंशिवायही गुणोत्तर वाढतंच. शिवाय बाजारी एमटीबीईत मुळातच थोडं टीबीए असतं. त्यावर उपाय आबांच्याच बांधावर सापडला. विहिरीच्या वरच्या अंगाला एक झरा आहे, तिथे ब्लोअर नव्हता. झऱ्यातही गुणोत्तर तसंच चढत होतं. म्हणजे जांभ्याच्या आतच कुणीतरी पहिला घाव घालत होतं. दुसरा घाव अजून पडायचा होता.

पेढे खाल्लेल्या लोकांना हे सांगणं फार अवघड गेलं. "वास गेला ना? मग?" या प्रश्नाला चुटकीसरशी उत्तर नाही. विहिरीवर पुन्हा 'पिण्यासाठी नाही'ची पाटी लागली तेव्हा एक वहिनी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. ब्लोअर सुरू ठेवला. विजेच्या बिलाचं भांडण वाहतूकवाल्यांशी अजून चालू आहे, ते कागद वेगळे.

गणपतीनंतर पाऊस ओसरला आणि विहीर पुन्हा आपल्या पाण्यावर आली. तेव्हापासून दर पंधरवड्याला आम्ही दोन नमुने घेतो, एक विहिरीतून, एक झऱ्यातून, बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. विहिरीतलं टीबीए दोन नमुन्यांपूर्वी पहिल्यांदा खाली आलं, त्यानंतरच्या नमुन्यातही खालीच होतं. झऱ्यातलं तसंच आहे. कोजागिरीच्या आदल्या दिवशी आबांनी विचारलं, आगराला सोडू का हे पाणी. पोफळींना चालेल म्हटलं, पण प्यायचं नाही. त्यांनी मोटर लावली, पाट मोकळा केला, आणि पुढच्या नमुन्याची बाटली माझ्याकडून मागून घेऊन पडवीतल्या खुंटीला टांगली.